साहेबाच्या बग्गीचं मोल्डिंग

९ नोव्हेंबर १९५२, रविवार

मॅग्डलीनचं लग्न पक्कं झालं. मुलगा मायकल, वसई गावातला, शाळेत मास्तर. स्वभावानं गरीब आहे. ११ जानेवारीला लग्न, त्यांच्याकडच्या देवळात. जेवताना बर्थानं विचारलं, वटारपासून वसईपर्यंत नवरी न्यायची कशातून. बायकोचे प्रश्न नेहमी असे असतात. उत्तर घरातच असतं आणि ती दिवा घेऊन बाहेर शोधत असते.

मी उठलो, मागच्या पडवीत गेलो आणि बग्गीवरचं गोणपाट ओढून काढलं. लेकीनं आणि बायकोनं एकमेकींकडे बघितलं. भारावून गेल्या असाव्यात.

या वटारमध्येच काय, अख्ख्या वसई तालुक्यात अशी दुसरी गाडी नाही. मुंबईच्या गोल्फ क्लबात एका जाड्या साहेबासाठी खास बनवलेली. त्याला मैदानभर चालवत नसे. चार चाकं, पुढे दोघांची सीट, मागे काठ्यांच्या पिशव्या ठेवायचा कप्पा, ओढायला तट्टू. मी त्या क्लबात स्टोअरकीपर होतो. साहेब लोक विलायतेला गेले, मी रिटायर झालो, तेव्हा कमिटीनं ही बग्गी मला सन्मानानं भेट दिली. इतर कोणाला अशी भेट मिळाल्याचं ऐकिवात नाही.

गाडीत काहीही दोष नाही. फक्त वरच्या कडेनं फिरणारी पितळेची अर्धगोल पट्टी कळकली आहे, दोन ठिकाणी उखडली आहे. क्लबात तिला मोल्डिंग म्हणत. तेवढं बदललं की गाडी नवी. दोन दिवसांचं काम.

निश्चय: काशीराम सुताराला हात लावू द्यायचा नाही. स्वतः करायचं. इतकी वर्षं क्लबात सगळी रिपेअरिंग माझ्या डोळ्यांसमोर झाली आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

काम सुरू. पहिला खिळा निघाला. छान निघाला. दुसऱ्याबरोबर थोडं लाकूडही आलं. तिसऱ्याबरोबर खिळा आला नाही, नुसतं लाकूड आलं. जुन्या कामात असं होतंच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मोल्डिंग पूर्ण काढलं. खाली वाळवी. क्लबात असताना वाळवी नव्हती, हे मी शपथेवर सांगू शकतो. म्हणजे इथे आल्यावर लागली. म्हणजे घरच्यांचं दुर्लक्ष. बर्थाला तसं सांगितलं. ती म्हणाली, गाडीवर गोणपाट तुम्हीच टाकलंत आणि कोणी काढायचं नाही म्हणून तुम्हीच बजावलंत. बजावलं होतं, पण वाळवी दिसल्यावरही काढू नका असं म्हटलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वसईच्या बाजारात गेलो. लोखंडी सामानाच्या दुकानात जुन्या पट्टीचा तुकडा दाखवला. दुकानदार म्हणाला, ही फोटोच्या फ्रेमची का? मी म्हटलं, मोल्डिंग आहे, साहेबाच्या बग्गीचं. त्यानं तुकडा उलटासुलटा केला आणि म्हणाला, असली पितळ आता कोणी बनवत नाही, मुंबईत बघा. मुंबईत मी आयुष्य काढलं आहे, मला मुंबई सांगतो.

खिळ्यांचा एक पुडा घेऊन परत आलो. वाटेत ठरवलं की पितळेपेक्षा सागवान बरं. खाऱ्या हवेत कळकणार नाही. दुकानदार नकळत उपयोगी पडला.

२३ नोव्हेंबर, रविवार

देवळातली सकाळची मिसा संपल्यावर काशीराम रस्त्यात भेटला. त्याला घरी आणलं. काम द्यायला नव्हे, नुसतं बघायला. त्यानं बग्गीच्या कडेवर बोटानं ठोकलं. दुसऱ्या बाजूला ठोकलं. म्हणाला, “पट्टी लावून काय करता? आत सगळं पानी मुरलंय. आधी चौकट बदला.” मी म्हटलं, मी तुला मोल्डिंगबद्दल विचारतोय, चौकटीबद्दल नाही. तो म्हणाला, मग गोखिवऱ्याचं घराचं काम उरकून येतो. आणि गेला.

याला मी विश्वासघातच म्हणेन. मी त्याला काम देणार नव्हतो हे खरं, पण त्यानं थोडा आग्रह तरी धरायला हवा होता. इतक्या वर्षांची ओळख आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सागाची पट्टी तासून तयार. सरळ बाजूला उत्तम बसली. कोपऱ्याला वळेना. लाकूड उकळलं की वाकतं, हे क्लबात पाहिलं आहे. भात उकडायचं मोठं तपेलं चुलीवर ठेवलं, पट्टी त्यात उभी केली, उलटी केली, परत उभी केली. मऊ झाली. कोपऱ्याला लावली. अशी सुंदर वळली की मी मॅग्डलीनला हाक मारली. ती आली आणि तेवढ्यात पट्टी मोडली. माणूस बघायला येईपर्यंत थांबली आणि मग मोडली. हा काय प्रकार आहे, मला कळत नाही.

तपेल्याचं पाणी चहासारखं झालं. बर्था तपेल्याकडे बघत बराच वेळ उभी होती. मोल्डिंगचं काय झालं, हे तिनं विचारलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

व्हिक्टर आला होता. बर्थाचा भाऊ, वसईच्या कोर्टात कारकून. पडवीत गेला, बग्गीभोवती एक फेरी मारली. म्हणाला, दाजी, चाकं फिरतात ना? मी म्हटलं, न फिरायला काय झालं. तो म्हणाला, नाही, सहज विचारलं. कोर्टातल्या माणसाचं सहज मला ठाऊक आहे.

नंतर तो आणि बर्था स्वयंपाकघरात हळू बोलत होते. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा एकदम केळ्यांच्या भावावर आले.

नवी कल्पना: वेत. वेत उभा चिरला की आपोआप अर्धगोल. वाकतो हवा तसा. वाळवी लागायला वेळ लागतो. आधी का सुचलं नाही, असं वाटलं. पण आधी सुचलं असतं तर सागवान नापास झालं हे कळलं नसतं.

१४ डिसेंबर, रविवार

वेताचं मोल्डिंग बसलं. सरस आणि खिळे, दोन्ही. काही खिळे आतल्या बाजूनं बाहेर आले, ते ठोकून वाकवले. वर सोनेरी पेंटचे दोन हात. लांबून पाहिलं तर पितळ. जवळून पाहायची गरज काय?

सोनू तट्टाला जुंपून अंगणात फेरी मारली. सोनूला गाडीची सवय राहिलेली नाही, वांग्याच्या वाफ्यातून गेला. गाडीचा दोष नाही. मॅग्डलीन ओट्यावरून बघत होती. तिला म्हटलं, बस. ती म्हणाली, “लग्नाच्या दिवशीच बसते, बाबा.” मुलीला मान कळतो.

२० डिसेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, कारण माझी बाजू कुठे तरी असायला हवी.

मायकलची आई कॅथरीनबाय आज लग्नाचं ठरवायला आल्या होत्या. परत जाताना मी म्हटलं, फाट्यापर्यंत बग्गीतून सोडतो. त्या नको म्हणत होत्या. मी आग्रह केला. त्या बसल्या, हात कडेवर टेकला, रस्ता खडबडीत म्हणून अंगही टेकलं. फाट्यावर उतरल्या तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत सोनेरी पट्टा. लुगडं नवं कोरं होतं.

पेंटवाल्यानं दगा दिला. एका दिवसात वाळेल म्हणाला होता. सहा दिवस झाले.

कॅथरीनबाय म्हणाल्या, असू द्या, असू द्या. त्यांना परत घरी आणलं. बर्थानं रॉकेलचं फडकं घेऊन पुसलं, त्यामुळे पट्टा होता तो पदर झाला. कॅथरीनबाय तरीही असू द्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा म्हणताना मात्र त्यांचा आवाज वेगळा होता.

रंगाची चमक टिकाऊ आहे, एवढं सिद्ध झालं.

२५ डिसेंबर, गुरुवार

नाताळ. घरात काहीतरी शिजतंय, आणि मी करंज्यांबद्दल बोलत नाही. मी आलो की गप्पा थांबतात. काल बर्था आणि मॅग्डलीन व्हिक्टरबरोबर वसईला जाऊन आल्या. कशाला, तर म्हणे रिबिनी आणायला. रिबिनी आगाशीलाही मिळतात.

विचार केला तेव्हा उलगडलं. मला बग्गीसाठी फुलांची सजावट करून चकित करायचा बेत असणार. इतके दिवस राबतोय, ते दिसतं त्यांना. मी काहीच न कळल्यासारखं दाखवायचं ठरवलं आहे. वेळ आली की आश्चर्य वाटल्याचा चेहरा करीन.

२ जानेवारी १९५३, शुक्रवार

कळलं.

व्हिक्टर मांडवाचे बांबू बांधायला आला होता. वरून ओरडून बर्थाला म्हणाला, मोटारवाल्याला सकाळी आठला यायला सांगितलंय. मी खाली बांबू धरून उभा होतो. मी विचारलं, कोण मोटारवाला? व्हिक्टर वरच बसून राहिला. खाली उतरायला त्याला फार वेळ लागला.

मॅग्डलीनला पडवीत बोलावलं. विचारलं, हे तुला माहीत होतं? ती म्हणाली, “हो.” खोटं तरी बोलायचं. मग म्हणाली, “बाबा, झगा पांढरा आहे. रंग लागला तर?” मी म्हटलं, रंग वाळलाय. तिनं एक बोट मोल्डिंगवर हळूच टेकवलं आणि मला दाखवलं. बोट सोनेरी होतं. मी म्हटलं, हा तुझ्या हाताचा घाम.

ती हसली नाही, रडलीही नाही. म्हणाली, “तुम्ही मोटारीत माझ्या शेजारी बसा. मला तेवढंच पाहिजे.” मी म्हटलं, मला ज्या गाडीत बसायचं ते मी ठरवीन.

बायको, मेहुणा, आणि आता पोटची पोर. आठवडाभर रिबिनी रिबिनी करत होते.

४ जानेवारी, रविवार

कोणाशी बोलत नाही. मिठासाठीसुद्धा बोट दाखवतो. बर्थाला फरक पडलेला दिसत नाही. ती म्हणते, घर शांत आहे.

काम मात्र सोडलेलं नाही. आता नवरीचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. काचेच्या तुकड्यानं सगळा रंग खरवडला. आता दुसऱ्या दुकानातून आणलेला सोनेरी आणि वर व्हार्निश. हात सोलवटले आहेत. कोणी विचारलं नाही. मॅग्डलीननं खोबरेल तेलाची वाटी आणून पडवीत ठेवली आणि गेली. तेल गाडीच्या चाकांना घातलं.

७ जानेवारी, बुधवार

व्हार्निश वाळलं. बोट लावून पाहिलं, गाल लावून पाहिला, पांढरा रुमाल घासून पाहिला. काही नाही. कोपरे गोल, सांधे दिसत नाहीत. काम संपलं. दोन दिवसांचं म्हणालो होतो, त्यापेक्षा थोडा वेळ लागला.

उद्या फर्डिनंड येतोय. क्लबातला जुना सोबती, बारवर मुख्य होता, आता वांद्र्याला असतो. लग्नासाठी मुद्दाम लवकर येतो आहे. तो आला की घरच्यांना कळेल, ही बग्गी काय चीज आहे. क्लबाचा माणूस क्लबाच्या माणसाच्या तोंडूनच कळतो. मग मोटारवाल्याला आठ वाजता परत कोण पाठवतं ते बघू.

८ जानेवारी, गुरुवार

फर्डिनंड दुपारी आला. मांडवात सगळे होते. व्हिक्टर, त्याची बायको, शेजारचे, पाव भाजायला आलेल्या बायका. मी त्याला हाताला धरून पडवीत नेलं आणि सगळ्यांना बोलावलं. गोणपाट काढलं.

फर्डिनंड बघतच राहिला. मग म्हणाला, “सिप्रियन, हे खोकं अजून आहे तुझ्याकडे?” आणि पोट धरून हसायला लागला. लोकांना सांगू लागला की हे जाळायला काढलं होतं. माळ्यानं लाकडं फोडायला कुऱ्हाडसुद्धा आणली होती. सेक्रेटरीला कळेना, सिप्रियनला निरोपाचं काय द्यायचं. “मीच म्हटलं, ही गाडी द्या. सिप्रियन नेईल, त्याला नाही म्हणता येत नाही.” त्याला स्वतःला चांदीचा कप आणि जेवण मिळालं होतं. तेही सांगितलं.

सगळे हसले. व्हिक्टर हसला. पाववाल्या बायका हसल्या. बर्था हसली की नाही, ते मी बघितलं नाही. मॅग्डलीन तडक आत निघून गेली. बापाची लाज वाटली असणार.

फर्डिनंड पहिल्यापासून मत्सरी. बारवर उभं राहून माणसाचं मन कडू होतं. कमिटीच्या मीटिंगा त्याच्यासमोर होत नसत. त्याला काय माहीत? कुऱ्हाडीची गोष्ट मात्र खरी असावी. मागच्या कप्प्यावर एक घाव आहे. मी तो काठ्यांचा समजत होतो.

९ जानेवारी, शुक्रवार

सकाळी घरची सगळी देवळात गेली होती. फाटकाशी अर्नाळ्याचा हरेश्वर थांबला होता. मासळी नेतो बाजारात. त्याच्या बैलगाडीचा आस मोडला होता, टोपल्या रस्त्यावर, आणि तो कपाळाला हात लावून बसलेला. मला म्हणाला, “दादा, दोन दिवस कोनाची गाडी मिळंल का?”

मी त्याला पडवीत नेलं. म्हटलं, ही ने. तो म्हणाला, परत कधी आणू? मी म्हटलं, आणू नकोस. त्याला पटेना. दोनदा विचारलं. सोनूची दोरी त्याच्या हातात दिली तेव्हा पटलं. मोल्डिंगवरून त्यानं हात फिरवला आणि म्हणाला, पट्टी झकास आहे. दोन महिन्यांत हे पहिल्यांदा कोणी म्हटलं. एका कोळ्यानं.

जाताना सोनूनं मागे वळून पाहिलं नाही. तोही त्यांच्यातलाच.

घरी सांगितलं नाही. केळ्यांच्या रिकाम्या पेट्या रचून त्यावर गोणपाट टाकलं. उंची साधारण तेवढीच आली. कोणी उघडून बघणार नाही, याची खात्री आहे. सोनूबद्दल विचारलंच तर चरायला बांधलाय म्हणून सांगायचं.

मन हलकं वाटतंय. माणसानं तोडून टाकावं आणि मोकळं व्हावं.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

लग्न लागलं. सगळं नीट पार पडलं. तरी लिहून ठेवतो.

मोटार आठच्या आधीच आली. बायका गोंधळ घालत होत्या. मी कोट घालून मागच्या पडवीत बसलो होतो, कारण मोटारीत बसायचं नाही असं ठरलं होतं. मॅग्डलीन मागच्या दारानं आली. पांढरा झगा, डोक्यावर फुलं. एकटीच. हातात पांढऱ्या कापडाची घडी. म्हणाली, “बाबा, गाडी जुंपा.”

मी म्हटलं, मोटार पुढे उभी आहे.

ती म्हणाली, “मोटारीतून मामी आणि बाकीच्या जातील. मी तुमच्या गाडीतून जाणार. व्हिक्टरमामाला सांगितलंय. सीटला हे घालू, म्हणजे झगा मळायचा नाही. आणि फर्डिनंडकाकांना रस्त्यावर उभं राहून बघू दे.”

गुरुवारपासून शिवत होती म्हणे. त्या दिवशी दुपारी पडवीतून आत गेली ती मशीनवरच बसली होती.

मी म्हटलं, मोल्डिंगचं काम पुरं झालेलं नाही.

“नसू दे.”

अपुरं काम मी लोकांत आणत नाही, म्हटलं. क्लबाची शिस्त आहे.

“बाबा, मला चालेल.”

मला चालणार नाही, असं मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा. ती गोणपाटाकडे बघत होती. मी मध्ये उभा होतो. मग म्हणाली, “मग तुम्ही तरी या माझ्याबरोबर.” गेलो. लग्नाच्या दिवशी मुलीचं मन मोडू नये.

मोटारीत मी आणि ती मागे, व्हिक्टर पुढे. वसईच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना वाड्यांची कुंपणं. तिथे समोरून हरेश्वर आला. बाजारातून परतत होता. टोपल्या रिकाम्या होत्या, वास भरलेला होता. मोटार थांबली. त्यानं बग्गी कुंपणाला भिडवून वाट दिली. आत नवरी बघून त्यानं हात जोडले आणि मग मला ओळखलं. म्हणाला, “दादा, गाडी एकदम हलकी पळते. देव तुमचं भलं करो.”

ऊन बग्गीवर पडलं होतं. मी ते मोल्डिंग लांबून, रस्त्यावर, चालत्या गाडीवर पहिल्यांदाच पाहिलं. पितळच वाटत होतं. एक सांधा कुठे दिसेल तर शपथ.

व्हिक्टर पुढे बघत राहिला. मॅग्डलीन बग्गी दिसेनाशी होईपर्यंत मागे वळून बघत होती. मग म्हणाली, “बाबा, काम तर पुरं झालंय.”

मी म्हटलं, डाव्या बाजूला खोट आहे. इथून दिसत नाही.

तिनं मांडीवरच्या कापडाची आणखी एक घडी घातली, मग आणखी एक, आणि देवळापाशी उतरताना माझ्या कोटाच्या खिशात सारली. तिचे डोळे ओले होते. मुली लग्नात रडतात. आत जाताना तिनं माझा हात फार घट्ट धरला होता. नवे बूट, पायऱ्या गुळगुळीत, पडायची भीती वाटली असेल.

घरी आल्यावर कोट काढताना कापड हाताला लागलं. उघडून पाहिलं. सीटच्या मापाचं बरोबर आहे, माप कधी घेतलं कोण जाणे. चारी कडांना सोनेरी रिबिनीची किनार लावली आहे, अगदी मोल्डिंगच्या रुंदीची. काम बरं आहे. एका कोपऱ्यावर जराशी वाकडी गेली आहे. कोपरा कसा वळवायचा, मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.